ऐकू न येणाऱ्या बाळाची पहिली भाषा

बाळाचे ऐकणे जन्माआधीच सुरू झालेले असते. गर्भारपणाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास आतल्या कानातील शंखाकृती नळी, म्हणजे कॉक्लिया, घडलेली असते आणि शेवटच्या तीन महिन्यांत गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. जन्मल्यावर काही दिवसांतच बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखते. पुढे वर्षभर ते एकही शब्द बोलत नाही. पण घरातल्या बोलण्यातले हेल, चढउतार, एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सगळे ते टिपत असते. पहिला शब्द तोंडातून येईपर्यंत हजारो तासांचे ऐकणे त्याच्या गाठीशी जमलेले असते. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बाळाच्या वाट्याला हे तास येत नाहीत. त्याची बुद्धी, कुतूहल, माणसांची ओढ चारचौघा बाळांसारखीच असते. अडते ते भाषा त्याच्यापर्यंत पोहोचण्यापाशी. ती कानांवाटे पोहोचवायची की डोळ्यांवाटे, हा प्रश्न पुढचा. ती पहिल्या वर्षातच पोहोचायला हवी, याबद्दल मात्र तज्ज्ञांत मतभेद उरलेला नाही. सरकारी कागदपत्रांत या कामाला 'शीघ्र हस्तक्षेप' असे बोजड नाव आहे.

दर हजार जन्मांमागे साधारण एक ते तीन बाळांना कायमचा श्रवणदोष असतो. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक बाळांच्या आईवडिलांना व्यवस्थित ऐकू येते. त्यामुळे निदान होते तेव्हा बहुधा त्या घरात कोणालाच बहिरेपणाचा अनुभव नसतो. 'आमच्याकडे दोन्ही बाजूंना कोणी असे नाही' हे डॉक्टरांसमोर हटकून निघणारे वाक्य खरे असते, पण त्याने आनुवंशिक कारण बाद होत नाही. आई आणि वडील दोघांकडे एखाद्या जनुकाची सदोष प्रत एकेक असेल, तर दोघांचेही कान उत्तम असतात आणि तरी प्रत्येक गर्भारपणात बाळ कर्णबधिर असण्याची शक्यता चारात एक असते. जवळच्या नात्यात लग्न झाले की अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो, आणि मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची रीत महाराष्ट्राच्या दक्षिण भागातून अजून पुरती गेलेली नाही. पहिले मूल कर्णबधिर असेल, तर दुसऱ्याचे कान जन्मल्याबरोबर तपासावेत ते याच हिशेबाने.

बाकीची कारणे गर्भारपणात आणि जन्मानंतरच्या दिवसांत सापडतात. गरोदर आईला झालेला रुबेला किंवा सायटोमेगालो विषाणूचा संसर्ग, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, मेंदूपर्यंत पोहोचलेली तीव्र कावीळ, नवजात अतिदक्षता विभागातला मुक्काम, जेंटामायसिनच्या जातीची प्रतिजैविके, आणि पुढे मेंदूज्वर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लहान मुलांमधील बहिरेपणापैकी सुमारे 60 टक्के टाळता येण्याजोगा असतो. गोवर-रुबेलाच्या लशीची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये झाली, आणि नंतर ती लस नेहमीच्या लसीकरणात आली. ती मुलाला गोवरापासून वाचवते हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढच्या पिढीचे कानही ती वाचवते, हे फारसे कोणी सांगत नाही.

निदानाला उशीर होतो, कारण बहिरेपण दिसत नाही. कर्णबधिर बाळही रडते, हसते, पहिल्या महिन्यांत हुंकार देते, गळ्यातून आवाज काढते. फरक पडतो तो सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान. ऐकणारे बाळ या काळात 'बाबाबा', 'दादादा' अशी अक्षरांची माळ लावू लागते; कर्णबधिर बाळाची ही माळ लांबते किंवा येतच नाही. इथे घरातले अनुभवी लोक धीर देतात. मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा. त्यात भर म्हणजे घरगुती परीक्षा. बाळाच्या मागे जाऊन स्टीलचे ताट आणि चमचा वाजवायचा. बाळाने मान वळवली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ही परीक्षा घेऊच नये. ताटाचा आवाज साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि मध्यम श्रवणदोष असलेल्या मुलालाही तो ऐकू येतो. ठार बहिरे बाळसुद्धा जमिनीची थरथर, हवेची झुळूक, भिंतीवर हललेली सावली यांनी वळून पाहते. ताटाने उत्तीर्ण केलेली मुले दोन-तीन वर्षांची होऊन दवाखान्यात येतात, तोवर भाषेचा सर्वांत मोलाचा काळ गेलेला असतो.

खरी तपासणी बाळ दोन दिवसांचे असतानाही होते. निरोगी आतला कान आवाज ऐकतो तसा स्वतःही अगदी क्षीण आवाज बाहेर टाकतो, हे इंग्लंडमधील डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवून दिले. त्यावर ओएई नावाची तपासणी उभी आहे. झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ टोक बसवायचे, त्यातून टिकटिक सोडायची आणि कानातून परत येणारा प्रतिध्वनी मोजायचा. काही मिनिटांत काम होते, दुखत काहीच नाही. दुसरी तपासणी म्हणजे बेरा. तीत डोक्यावर आणि कानामागे पट्ट्या चिकटवून आवाज श्रवणचेतातंतूंतून मेंदूकडे पोहोचतो का, हे पाहतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना बेरा करायलाच हवी, कारण त्यांच्यातल्या काहींचा आतला कान ठीक असतो आणि बिघाड असतो चेतातंतूच्या पातळीवर. अशा बाळांची ओएई बिनदिक्कत 'पास' येते. उलट पहिल्या ओएईत 'रेफर' असा शेरा आला म्हणून हबकून जाण्याचेही कारण नाही. कानाच्या वाटेत जन्माच्या वेळचा चिकट थर किंवा पाणी असले तरी तो शेरा येतो. मात्र दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणीला जायचे राहून गेले, तर पहिली तपासणी झाली काय नि न झाली काय, सारखेच.

जगभर यासाठी एक साधे वेळापत्रक पाळले जाते. पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्के निदान, सहाव्या महिन्याआधी प्रत्यक्ष मदत सुरू. सहा महिन्यांची ही सीमा हवेतून आलेली नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ख्रिस्तीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या आत आणि त्यानंतर निदान झालेल्या कर्णबधिर मुलांची तुलना केली आणि ती 1998 मध्ये प्रसिद्ध केली. लवकर निदान झालेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. बहिरेपण कमी होते की जास्त, घर शिकलेले होते की नव्हते, मूल बोलत होते की खुणांनी भाषा शिकत होते, यांपैकी कशानेही हा फरक पुसला गेला नाही.

निदानानंतर बहुतेक घरांत पहिला विचार होतो मशीनचा. लोकांच्या तोंडी 'कानाचे मशीन' असलेले श्रवणयंत्र काही आठवड्यांच्या बाळालाही बसवता येते. कानामागे बसणारे यंत्र आवाज वाढवते आणि बाळाच्या कानाच्या मापाने केलेल्या मऊ साच्यातून, म्हणजे मोल्डमधून, तो आत सोडते. बाळाचा कान भराभर वाढतो. मोल्ड सैल पडला की यंत्र शिट्टी मारू लागते आणि आईवडील वैतागून ते काढून ठेवतात. ती शिट्टी नवा मोल्ड करण्याची वेळ झाल्याची खूण असते. पहिल्या वर्षात ही वेळ दर दोन-तीन महिन्यांनी येते. यंत्र पाहुण्यांसमोर किंवा फक्त थेरपीच्या तासापुरते घालून उपयोग नाही, जागेपणीचा प्रत्येक तास ते कानावर हवे. बाळ ते ओढून काढते, तोंडात घालते. म्हणून त्याला दोरी आणि बॅटरीच्या कप्प्याला कुलूपकडी असावी, कारण गिळलेली छोटी बॅटरी जिवावर बेतते. कोकणातल्या पावसाळ्यात ओल हा यंत्राचा मोठा शत्रू. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवायचे, हा नियम मुंबई-रत्नागिरीकडच्या घरांना लवकर शिकावा लागतो.

बहिरेपण अतितीव्र असेल तर श्रवणयंत्राने भागत नाही. तिथे कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. शस्त्रक्रियेने कॉक्लियात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात. बाहेरचा प्रोसेसर आवाजाचे विद्युतसंकेत करून त्या तारेमार्फत थेट श्रवणचेतातंतूला देतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, त्याला सगळे 'स्विच ऑन' म्हणतात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत त्या क्षणी मूल दचकते, हसते, आई रडते. त्यावरून मूल आता बोलू लागेल असा समज होतो, तो चुकीचा आहे. त्या दिवशी मुलाचे ऐकण्याचे वय शून्य असते. तीन वर्षांच्या मुलाला आज यंत्र लागले तर ऐकण्याच्या हिशेबाने ते नवजात बाळ ठरते, आणि शब्द यायला वेळ लागणारच. शिवाय आवाजाची पातळी बसवण्यासाठी वारंवार मॅपिंग, नियमित थेरपी, आणि पुढे वॉरंटी संपल्यावर प्रोसेसर, वायरी, बॅटऱ्या यांचा खर्च आयुष्यभर चालू राहतो. शस्त्रक्रियेला मदत देणाऱ्या योजना आहेत. केंद्राच्या अॅडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबातील लहान मुलांना त्या खर्चासाठी काही लाख रुपयांची मदत मिळू लागली. दहा वर्षांनी बिघडणाऱ्या वायरीचा प्रश्न मात्र अनेक कुटुंबांसाठी तसाच उभा असतो, आणि ऑपरेशनच्या आधी तो कोणी नीट समजावून सांगत नाही, ही या क्षेत्रातली जुनी तक्रार आहे. वयाचे गणितही कडक आहे. अमेरिकेतील अनू शर्मा यांनी मेंदूच्या श्रवणकेंद्राच्या प्रतिसादांवर केलेल्या कामातून दिसले, की जन्मतः बहिऱ्या मुलांना साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झाले तर ते केंद्र वयाला साजेसे काम करू लागते, आणि सात वर्षांनंतर बहुतेकांत तसे होत नाही. ऐकू न आलेल्या मेंदूत ती जागा रिकामी राहत नाही, दुसऱ्या कामांना दिली जाते.

मशीन असो वा इम्प्लांट, ते फक्त आवाज पोहोचवते. भाषा पोहोचवतात घरातली माणसे. आठवड्यातून एक-दोनदा होणारा थेरपीचा तास मुलासाठी कमी आणि आईवडिलांना शिकवण्यासाठी जास्त असतो, निदान असायला हवा. हॉलिवूडचे अभिनेते स्पेन्सर ट्रेसी यांच्या पत्नी लुईझ यांनी आपला मुलगा जॉन कर्णबधिर असल्याचे कळल्यावर 1942 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केलेली संस्था याच तत्त्वावर उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिने पत्राद्वारे आईवडिलांना धडे पाठवायला सुरुवात केली. चेन्नईचे बालविद्यालय 1969 पासून पाच वर्षांखालच्या कर्णबधिर मुलांना शिकवत आले आहे, आणि तिथे मुलाबरोबर आईही वर्गात बसते.

घरी करायचे काम ऐकायला सोपे आणि रोज निभवायला कठीण असते. सकाळी मशीन घातल्यावर पहिले काम सहा ध्वनींची तपासणी. ही पद्धत डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. आई मुलाच्या मागे किंवा बाजूला बसते आणि साध्या आवाजात, मधूनमधून थांबत, एकेक ध्वनी काढते: आ, ई, ऊ, म, श, स. ध्वनी ऐकू आला की मुलाने हातातला मणी डब्यात टाकायचा. हे सहा ध्वनी बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतची सगळी जागा व्यापतात. कालपर्यंत 'स' ला पडणारा मणी आज पडला नाही, तर बॅटरी उतरली असेल, नळीत दमट वाफ साचली असेल किंवा सर्दीने मधल्या कानात पाणी झाले असेल. पाच मिनिटांचा हा खेळ वगळला, तर मूल अख्खा दिवस बंद यंत्र मिरवत बसू शकते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

मग दिवसभराचे बोलणे. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणून स्वयंपाकघरातून दिलेली हाक बैठकीच्या खोलीतल्या मुलापर्यंत शब्दरूपात पोहोचत नाही. जवळ येऊन, मुलाच्या उंचीला वाकून बोलावे लागते. टीव्ही बंद, मिक्सर बंद, शक्य असेल तर पंखासुद्धा. यंत्र शब्द आणि पंख्याची घरघर दोन्ही सारखेच मोठे करते. पालक हमखास करतात ती चूक म्हणजे प्रश्नांचा भडिमार. हे काय? सांग, हे काय? आंबा म्हण, आं-बा. हा वर्ग झाला, भाषा नव्हे. मेथी निवडायला बसलेली आई 'ही बघ मेथी, ही पाने खुडायची, देठ टाकायचा, अरे, या जुडीत माती किती' असे स्वतःशीच पुटपुटल्यासारखे बोलत राहिली, तर मुलाला शब्द त्यांच्या वापरासकट मिळतात. एकच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत वीस वेळा यावा लागतो. ऐकणाऱ्या मुलाला तो शेजारच्या खोलीतल्या गप्पांतून फुकट मिळत असतो. बाळाची अंघोळ हा तर बोलण्याचा सुकाळ, पण तेव्हा मशीन काढून ठेवलेले असते. म्हणून 'आता अंघोळ', 'पाणी गरम आहे', 'कुठे गेला साबण' हे सगळे यंत्र काढण्यापूर्वी आणि अंग पुसून पुन्हा घातल्यावर बोलून घ्यायचे, मधल्या वेळात हात आणि चेहरा वापरायचा.

मराठीपुरत्या काही अडचणी आहेत आणि मराठी घरांनी त्या ओळखून ठेवणे बरे. ओठांवरून वाचून मूल सगळे समजून घेईल हा भाबडा समज आहे. 'बाबा', 'मामा' आणि 'पापा' हे तिन्ही शब्द ओठांवर हुबेहूब एकसारखे दिसतात. काका, गाय, घर यांतली पहिली अक्षरे घशाजवळ तयार होतात, ती ओठांवर दिसतच नाहीत. स आणि श यांची ताकद वरच्या पट्टीत असते, नेमकी तीच पट्टी अनेक कर्णबधिर मुलांची सर्वांत कमजोर. आणि मराठीचे सगळे व्याकरण शब्दांच्या शेपटांत बसलेले आहे. 'आईने बाळाला दूध दिले' या वाक्यातले ने आणि ला भुर्रकन, आघाताशिवाय उच्चारले जातात. मुलापर्यंत पोहोचते ते 'आई बाळ दूध'. मोठा आंबा, मोठी कैरी, मोठे केळे ही लिंगांची जुळणी ऐकणारे मूल शाळेत जाण्यापूर्वी कोणी न शिकवता उचलते. कर्णबधिर मूल आठव्या वर्षीही 'मोठा कैरी' म्हणते, तेव्हा त्याला व्याकरण येत नाही म्हणून दामटणे चूक आहे, त्याला ती शेपटे पुरेशा वेळा ऐकायला मिळालेली नसतात. वाक्ये तोडून शब्द-शब्द बोलण्यापेक्षा पूर्ण वाक्य थोडे सावकाश बोलणे म्हणूनच अधिक उपयोगी.

या सगळ्यात एक गृहीतक दडलेले आहे, की भाषा म्हणजे बोललेली भाषा. ते बरोबर नाही. 1960 मध्ये वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोकी यांनी दाखवले, की कर्णबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांची मोडकीतोडकी नक्कल नसून तिला स्वतःची रचना आहे. 1970 च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर येथील कर्णबधिरांच्या खुणांचा अभ्यास केला, तेव्हा गावोगाव शब्द बदलतात पण व्याकरण एकच आहे असे आढळले. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, भुवया आणि डोके व्याकरणाचे काम करतात, आणि हिंदी, मराठी, तामिळ यांतल्या कशाचेही ते भाषांतर नसते. ऐकणारी मुले बोललेली भाषा ज्या पायऱ्यांनी शिकतात, त्याच पायऱ्यांनी मूल ही भाषा शिकते. मॉन्ट्रियल येथील लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांना 1991 मध्ये कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळे हातांनी 'बाबाबा' करताना आढळली, म्हणजे अर्थ नसलेल्या पण भाषेसारख्या तालबद्ध खुणा.

कर्णबधिर आयांकडून ऐकणाऱ्या आयांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ऐकणाऱ्या बाळाला चेंडू पाहता-पाहता 'चेंडू' हा शब्द ऐकू येतो. कर्णबधिर बाळाला एकाच वेळी चेंडू आणि आईचे हात दोन्ही पाहता येत नाहीत. कर्णबधिर आई घाई करत नाही. ती बाळाचे चेंडूवरचे डोळे आपल्याकडे वळेपर्यंत थांबते, नाहीतर चेंडू आपल्या चेहऱ्याशेजारी धरते, खूण बाळाच्या नजरेच्या टप्प्यात, कधी बाळाच्या अंगावरच करते, आणि खांद्याला हलकी थाप देऊन लक्ष वेधते. जपानमधील नोबुओ मासाताका यांना असे आढळले, की बाळाशी बोलताना कर्णबधिर आया खुणा मोठ्या, सावकाश आणि पुन्हा-पुन्हा करतात, जशी आपल्याकडे आजी नातवंडाशी लाडीक हेल काढून बोलते. ऐकणाऱ्या आया सवयीने बाळाचे लक्ष दुसरीकडे असताना बोलून मोकळ्या होतात. थांबणे हे या कामातले सर्वांत स्वस्त कौशल्य आहे आणि ते शिकवावे लागते.

तरी सांकेतिक भाषेला शंभर वर्षे शाळेबाहेर ठेवले गेले. 1880 मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली आणि तिने शाळांतून खुणा हद्दपार करून फक्त बोलणे शिकवण्याचा ठराव केला. ठराव करणाऱ्या सुमारे 164 प्रतिनिधींत कर्णबधिर होता एकच. भारतात त्याच दशकात मुंबईत, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने, कर्णबधिरांची पहिली शाळा उभी राहिली, आणि पुढे इथल्या शाळाही मौखिक पद्धतीनेच वाढल्या. मुले वर्गात ओठ वाचण्याचा सराव करत आणि मधल्या सुट्टीत एकमेकांशी हातांनी मनसोक्त बोलत. मिलानच्या ठरावाबद्दल अधिकृत खेद व्यक्त व्हायला 2010 ची व्हँकुव्हर परिषद उजाडावी लागली. भारतात 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आले, त्याच्या शब्दकोशात आता सुमारे 10,000 नोंदी आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेतून शिकवणे बंधनकारक केले.

बोलणे की खुणा, हा वाद मात्र आईवडिलांसमोर आजही 'एकच निवडा' अशा थाटात मांडला जातो. खुणा शिकवल्या तर मूल आळशी होईल, बोलणार नाही, असे अनेक थेरपिस्ट सांगतात. याला आधार म्हणून दाखवले जाणारे काही अभ्यास आहेत, आणि त्यांच्यावर तितक्याच जोरदार हरकतीही आहेत. पण खुणांनी नुकसान होतेच असे सिद्ध झालेले नाही. जन्मापासून घरात सांकेतिक भाषा मिळालेली आणि नंतर इम्प्लांट झालेली मुले बोलण्यातही ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीने चालल्याची नोंद आहे. रेचल मेबेरी आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले, की लहानपणी सांकेतिक भाषा मिळालेले कर्णबधिर प्रौढ पुढे इंग्रजी वाक्यांतही ऐकणाऱ्या परभाषकांइतके तरबेज होते. लहानपणी कोणतीच भाषा न मिळालेले प्रौढ दोन्ही भाषांत मागे राहिले होते. म्हणजे एक भाषा दुसरीच्या आड येत नाही, पहिली भाषाच नसणे मात्र सगळ्यांच्या आड येते. एका यंत्रावर किंवा एका पद्धतीवर सगळे डाव लावून, मूल तीन वर्षांचे होईतो 'बघू या बोलते का' म्हणत बसणे, हा त्यातला सर्वांत वाईट पर्याय आहे.

भाषा उशिरा मिळण्याचे परिणाम बोलण्यापुरते राहत नाहीत. दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे ओळखण्याची क्षमता साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी येते. कर्णबधिर आईवडिलांच्या कर्णबधिर मुलांत ती वेळेवर येते. ऐकणाऱ्या घरांतल्या, उशिरा भाषा मिळालेल्या मुलांत लांबते. 'हट्टी आहे', 'चटकन भडकतो' असे ज्या मुलांबद्दल म्हणतात, त्यांच्यातल्या कित्येकांना उद्या मामाकडे जायचे आहे आणि म्हणून आज कपडे भरले जात आहेत, एवढेही कोणी समजेल अशा भाषेत सांगितलेले नसते. घरोघर अशी मुले स्वतःच्या खुणा घडवतात. जेवण, झोप, आजोबांची मिशी यांच्यासाठी त्या पुरतात. काल, उद्या, समजा, कारण यांच्यासाठी पुरत नाहीत. निकाराग्वात 1977 नंतर मानाग्वाच्या शाळेत अशा घरगुती खुणा घेऊन आलेली मुले एकत्र जमली आणि पाहता-पाहता त्यांच्यातून नवी सांकेतिक भाषाच तयार झाली. तिथेही सर्वांत समृद्ध भाषा साधली ती सर्वांत लहान वयात शाळेत आलेल्यांना. सात-आठ वर्षांच्या मुलाला उशिरा का होईना सांकेतिक भाषा द्यायलाच हवी, आणि कर्णबधिर प्रौढांची संगतही. चांगल्या आयुष्याची खूणगाठ मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना अशाच माणसांकडे पाहून बांधता येते, पण दवाखान्याच्या रांगेत ती भेटत नाहीत.

महाराष्ट्रात या कामाचे सर्वांत मोठे केंद्र म्हणजे मुंबईत वांद्र्याला 1983 मध्ये स्थापन झालेली, राज्याचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था. तिथे तपासणी, यंत्रे, थेरपी आणि विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण चालते, आणि 2021 मध्ये देशभर सुरू झालेल्या चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपैकी एक तिथे आहे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आणि जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रे त्याच कार्यक्रमातली. अंगणवाडी आणि शाळांतून मुलांना तपासणारी पथकेही त्याचाच भाग आहेत. पण अंगणवाडीत मूल सापडते तेव्हा ते बहुधा सहा महिन्यांचे नसते. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच प्रसूतिगृहांत ओएई होते. तालुक्याच्या गावी बाळंत झालेल्या बाईने विचारल्याशिवाय या तपासणीचा विषयही निघत नाही. प्रसूतीनंतर घरी जाताना लसीकरणाचे कार्ड मागून घेतात, तसाच बाळाच्या कानाच्या तपासणीचा कागदही मागून घ्यावा. तिथे ती सोय नसेल, तर पहिला महिना संपायच्या आत बाळाला घेऊन जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठावे, आणि 'आणखी सहा महिने वाट पाहा' असे कोणी म्हटले, तर दुसऱ्या ऑडिऑलॉजिस्टचे मत घ्यावे.